जॉन ब्रेकिनरिज : लिंकनच्या विजयाची घोषणा करून बंडात सामील झालेला उपराष्ट्राध्यक्ष

१८६१ हे एकच वर्ष घेतले तरी जॉन कॅबेल ब्रेकिनरिज या माणसाची ओळख नेमकी काय म्हणून करून द्यावी, हा प्रश्न पडतो. फेब्रुवारीत तो अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष होता, आणि ज्या निवडणुकीत तो स्वतः हरला होता तिच्या मतमोजणीचे अध्यक्षपद भूषवून अब्राहम लिंकन विजयी झाल्याची घोषणा त्यानेच केली. मार्चपासून तो केंटकी राज्याचा सिनेटर म्हणून त्याच सभागृहात बसला. नोव्हेंबरात तो बंडखोर दक्षिणेच्या फौजेत ब्रिगेडियर जनरल झाला, आणि ४ डिसेंबर रोजी सिनेटने ३६ विरुद्ध शून्य मतांनी त्याला देशद्रोही ठरवून त्याची हकालपट्टी केली.

याला दुटप्पी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते पुरेसे वाटत नाही. ब्रेकिनरिजच्या आयुष्यातले कागद, भाषणे आणि निर्णय एकत्र ठेवून पाहिले की एक वेगळेच चित्र दिसते. राज्यघटनेच्या प्रत्येक कलमाचा तो मनापासून मान राखत होता, आणि त्याच कलमांच्या आधारे चाळीस लाखांच्या आसपास माणसांना कायमचे गुलाम ठेवता येते, याचे त्याला काही वाटत नव्हते. त्याचे नियमाने वागणे आणि त्याचे बंड, या दोन्हींचे मूळ एकच आहे. ते कसे, हे समजून घ्यायचे तर त्या काळच्या अमेरिकेतल्या काही गोष्टी आधी उलगडाव्या लागतात.

त्याचा जन्म १६ जानेवारी १८२१ रोजी केंटकीतल्या लेक्सिंग्टनजवळ झाला. घराणे राजकारणातले होते. आजोबा, त्यांचेही नाव जॉन ब्रेकिनरिजच, हे राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसनच्या मंत्रिमंडळात ॲटर्नी जनरल होते. मात्र त्यांची खरी ख्याती १७९८ च्या ‘केंटकी ठरावां’मुळे होती. केंद्र सरकारने घटनेने दिलेल्या अधिकारांच्या बाहेर पाऊल टाकले तर ते कृत्य निरर्थक ठरवण्याचा हक्क राज्यांना आहे, असा त्या ठरावांचा आशय होता. मसुदा जेफरसनचा होता, परंतु केंटकीच्या विधिमंडळात तो मांडला आजोबांनी. नातू दोन वर्षांचा असताना त्याचे वडील वारले, कुटुंब कर्जात होते, आणि मुलाचे बालपण बरेचसे आजीच्या छायेत गेले. आजोबांच्या राजकारणाच्या गोष्टी त्याला तिच्याकडूनच मिळाल्या. राज्यांचे हक्क हा सिद्धांत त्याला असा घरातच वारसा म्हणून मिळाला होता, ही गोष्ट पुढच्या साऱ्या प्रवासात लक्षात ठेवावी लागते.

कायद्याचे शिक्षण घेतल्यावर त्याने काही काळ आयोवातल्या बर्लिंग्टन येथे वकिली केली, मग तो केंटकीला परतला आणि १८४३ मध्ये मेरी सायरीन बर्चशी त्याचे लग्न झाले. १८४७ मध्ये मेक्सिकोविरुद्धच्या युद्धात मारल्या गेलेल्या केंटकीच्या सैनिकांच्या अंत्यविधीप्रसंगी त्याने केलेले भाषण गाजले. तो स्वतः मेजर म्हणून मेक्सिकोला पोचला तेव्हा लढाई जवळजवळ संपली होती, त्यामुळे त्याला रणांगण दिसले नाही. १८४९ मध्ये तो राज्याच्या विधिमंडळात गेला, आणि १८५१ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, प्रतिनिधिगृहात. हा मतदारसंघ हेन्री क्ले या, डेमोक्रॅटांच्या विरोधातल्या व्हिग पक्षाच्या दिग्गज नेत्याचा बालेकिल्ला होता, आणि तिथून डेमोक्रॅट निवडून येणे ही त्या काळी मोठी बातमी होती. उंच, देखणा, आवाजाची देणगी लाभलेला आणि विरोधकांशीही अदबीने वागणारा हा तरुण तीस वर्षांचा होता.

उपराष्ट्राध्यक्ष नेमके काय करतो

१८५६ मध्ये सिनसिनाटी येथे भरलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात जेम्स ब्युकॅनन राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरला. उपराष्ट्राध्यक्षपदासाठी ब्रेकिनरिजचे नाव पुढे आले, तेव्हा त्याने उठून आधी ते नाकारले, कारण केंटकीचाच एक ज्येष्ठ नेता, लिन बॉइड, त्या पदासाठी इच्छुक होता. पुढच्या फेरीत प्रतिनिधींनी तरीही त्यालाच निवडले. उमेदवार पेनसिल्व्हेनियाचा म्हणजे उत्तरेचा, तर जोडीदार गुलामगिरी असलेल्या राज्यातला, हा हिशेब त्यामागे होता. ही जोडी निवडून आली आणि ४ मार्च १८५७ रोजी ब्रेकिनरिजने शपथ घेतली. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. या पदासाठी घटनेने ३५ वर्षांची किमान वयोमर्यादा घातली आहे, आणि इतक्या लहान वयात हे पद आजवर दुसऱ्या कोणालाही मिळालेले नाही.

पद मोठे होते, काम मात्र फारसे नव्हते. अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष सिनेटचा पदसिद्ध अध्यक्ष असतो. आपल्याकडे उपराष्ट्रपती राज्यसभेचे सभापती असतात, ती व्यवस्था अमेरिकेच्या धर्तीवरचीच आहे. त्याला चर्चेत भाग घेता येत नाही, आणि समसमान मते पडली तरच निर्णायक मत देता येते. राष्ट्राध्यक्षाचा मृत्यू झाला तर तो त्या जागी येतो. एरवी राष्ट्राध्यक्षाने विचारले तर सल्ला द्यायचा, नाही विचारले तर गप्प बसायचे. ब्युकॅननने विचारले नाही. अधिवेशनात ब्रेकिनरिज आधी ब्युकॅननच्या प्रतिस्पर्ध्यांच्या बाजूने होता, आणि ब्युकॅनन अशा गोष्टी विसरणाऱ्यांपैकी नव्हता. शपथविधीनंतर भेटीची वेळ मागितली असता, व्हाइट हाउसमध्ये येऊन राष्ट्राध्यक्षांची भाची हॅरिएट लेन हिला भेटावे, असा निरोप त्याला आला. ब्युकॅननच्या निकटवर्तीयांना थेट आत घेण्याचा तो एक संकेत होता, असा खुलासा नंतर झाला म्हणतात; पण उपराष्ट्राध्यक्षाने तो अपमान मानला, आणि दोघांमधले अंतर पुढे चार वर्षे टिकले.

सिनेटच्या अध्यक्षाच्या खुर्चीत मात्र तो शोभला. सभागृहात त्या काळी माणसे पिस्तूल आणि सुरे घेऊन बसत. १८५६ मध्येच दक्षिण कॅरोलिनाच्या एका प्रतिनिधीने मॅसॅच्युसेट्सचा सिनेटर चार्ल्स समनर याला त्याच्याच बाकावर छडीने बेशुद्ध होईपर्यंत मारले होते. अशा सभागृहात दोन्ही बाजूंनी निःपक्षपाती म्हणून नाव मिळवणे ही लहान गोष्ट नव्हती. ४ जानेवारी १८५९ रोजी सिनेट जुने दालन सोडून कॅपिटॉलच्या नव्या विस्तारात गेली, तेव्हा निरोपाचे भाषण त्यानेच केले. पुढच्या एखाद्या युगातली सिनेट याहून मोठ्या दालनात जाईल तेव्हा तिच्यासोबत राज्यघटना तितकीच सशक्त आणि अखंड असावी, अशी इच्छा त्याने त्यात व्यक्त केली. त्या दालनातल्या अनेक बाकांवर दोन वर्षांनी कोणी बसणारे उरले नाही.

१८६० ची चौरंगी निवडणूक

वादाचा मुद्दा कोणता होता, हे नीट पाहायला हवे, कारण पुष्कळदा त्याची ‘उत्तर गुलामगिरी मोडायला निघाली आणि दक्षिण फुटली’ अशी ढोबळ मांडणी केली जाते. १८६० मध्ये प्रत्यक्ष भांडण होते ते पश्चिमेकडच्या प्रदेशांवरून, म्हणजे ज्यांना अजून राज्याचा दर्जा मिळालेला नव्हता अशा भूभागांवरून. तिथे गुलाम नेता येतील की नाही? १८२० च्या मिसूरी तडजोडीने फ्रान्सकडून विकत घेतलेल्या प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षांशावर रेषा आखून, मिसूरी वगळता तिच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी घातली होती. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती रेषा पुसली आणि निर्णय तिथल्या रहिवाशांवर सोपवला. या कायद्यासाठी झटणाऱ्या आघाडीच्या सदस्यांत ब्रेकिनरिज होता, आणि त्यावरच्या चर्चेत न्यूयॉर्कच्या फ्रान्सिस कटिंगशी त्याची इतकी जुंपली की द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले गेले. मध्यस्थांनी ते कसेबसे मिटवले. कायद्याचा परिणाम असा झाला की कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंचे लोक शस्त्रे घेऊन उतरले. त्यानंतर मार्च १८५७ मध्ये, ब्रेकिनरिजच्या शपथविधीनंतर दोनच दिवसांनी, सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्याचा निकाल दिला. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक असू शकत नाही आणि प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालण्याचा काँग्रेसला अधिकारच नाही, असा तो निकाल होता.

ब्रेकिनरिजच्या दृष्टीने इथे प्रश्न संपला. न्यायालयाने घटनेचा अर्थ सांगितला होता. गुलाम ही मालमत्ता, आणि मालमत्तेचे रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य. त्याच्या घरातही गुलाम राबलेले होते. गुलामगिरीची स्तुतिस्तोत्रे गाणाऱ्या दक्षिणेतल्या जहाल पुढाऱ्यांसारखा तो बोलत नसे, त्याचा सगळा युक्तिवाद वकिली असे. मला वाटते, नेमकी तीच त्याच्या विचारातली सर्वांत कठोर गोष्ट आहे. गुलाम म्हणून विकल्या जाणाऱ्या माणसाबद्दल त्याच्या युक्तिवादात एक शब्दही नसतो. असतो तो फक्त मालकाचा हक्क.

१८६० च्या एप्रिलमध्ये चार्ल्स्टन येथे डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले आणि फुटले. इलिनॉयचा स्टीव्हन डग्लस ‘रहिवाशांनी ठरवावे’ या भूमिकेवर ठाम होता. दक्षिणेला प्रदेशांत गुलामगिरीला केंद्र सरकारचे संरक्षण हवे होते. दक्षिणेचे प्रतिनिधी सभात्याग करून गेले. जूनमध्ये बाल्टिमोरला पुन्हा तेच झाले, आणि मग पक्षाच्या दोन तुकड्यांनी दोन उमेदवार दिले : उत्तरेने डग्लस, दक्षिणेने ब्रेकिनरिज. रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार लिंकन होता. गुलामगिरी आहे तिथे राहील, पण नव्या प्रदेशांत पसरू द्यायची नाही, ही त्याची भूमिका. चौथा उमेदवार टेनेसीचा जॉन बेल, ज्याच्या पक्षाने या प्रश्नावर काहीच न बोलता ‘घटना आणि संघराज्य’ एवढाच जाहीरनामा दिला. लिंकनविरोधी तिन्ही उमेदवारांनी एकदम माघार घ्यावी आणि एक सर्वमान्य नाव पुढे करावे, अशी खटपट पुढे फुटीर दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसन डेव्हिसने केली. ब्रेकिनरिज आणि बेल तयार होते, डग्लसने नकार दिला.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक संख्येने निर्वाचक मिळतात, आणि राज्यात ज्याला सर्वाधिक मते त्याला सहसा तिथले सगळे निर्वाचक मिळतात. १८६० मध्ये एकूण ३०३ निर्वाचक होते, बहुमतासाठी १५२ लागत. लिंकनला लोकांची सुमारे ४० टक्के मते आणि १८० निर्वाचक मिळाले. ब्रेकिनरिजला १८ टक्के मते आणि ११ राज्यांतून ७२ निर्वाचक. बेलला ३९. डग्लसला मात्र २९ टक्क्यांहून अधिक मते पडूनही केवळ १२ निर्वाचक, कारण त्याची मते सगळीकडे विखुरलेली होती आणि उत्तरेतल्या बहुतेक राज्यांत तो दुसरा आला. डेमोक्रॅट फुटले म्हणून लिंकन जिंकला, असे नेहमी म्हटले जाते, पण आकडे ते सांगत नाहीत. तिन्ही विरोधकांची मते प्रत्येक राज्यात एकत्र केली तरी लिंकनच्या हातून फक्त कॅलिफोर्निया, ओरेगॉन आणि न्यू जर्सीतले काही निर्वाचक गेले असते. दीडशेचा टप्पा त्याने तरीही आरामात ओलांडला असता. दक्षिणेला नेमकी हीच गोष्ट हादरवून गेली. त्यांच्या एकाही राज्याचा पाठिंबा नसताना उत्तर आपल्या बळावर राष्ट्राध्यक्ष निवडून आणू शकत होती.

ब्रेकिनरिजला ज्यांनी भरभरून मते दिली त्या राज्यांपैकी सात राज्ये १ फेब्रुवारी १८६१ पर्यंत संघराज्यातून फुटून निघाली होती. त्याचे स्वतःचे केंटकी मात्र त्याच्या बाजूने गेले नव्हते. तिथे बेल जिंकला. आपण फुटीर नाही, असे ब्रेकिनरिज प्रचारातही सांगत होता, आणि ते खोटे नव्हते. पण सगळे फुटीर त्याच्यामागे उभे होते, हेही खरे.

१३ फेब्रुवारी आणि त्यानंतरचा उन्हाळा

निर्वाचकांची मते राज्याराज्यांतून मोहोरबंद पाकिटांत येतात, आणि काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत सिनेटचा अध्यक्ष ती उघडतो. घटनेच्या बाराव्या दुरुस्तीत, जी १८०४ मध्ये झाली, हे काम त्याला सोपवले आहे. पाकिटे उपराष्ट्राध्यक्षाच्या ताब्यात असतात, म्हणून १८६१ च्या त्या हिवाळ्यात वॉशिंग्टनमध्ये नाना अफवा होत्या : तो ती उघडणारच नाही, किंवा व्हर्जिनियातून सशस्त्र जमाव येऊन ती पळवील. सेनापती विनफिल्ड स्कॉटने कॅपिटॉलभोवती सैनिक उभे केले, आणि बाहेरच्या गर्दीला ओळखपत्राशिवाय आत सोडले नाही. आतमध्ये ब्रेकिनरिजने एकेक पाकीट फोडले, मोजणी अधिकाऱ्यांनी आकडे वाचले, आणि तोपर्यंत स्वतःला परके राष्ट्र म्हणवू लागलेल्या राज्यांची, त्याच्या स्वतःच्या बाजूची मतेही रीतसर मोजली गेली. कोणी आडकाठी करू पाहिली तर त्याने नियमावर बोट ठेवले. शेवटी उभा राहून त्याने लिंकन निवडून आल्याचे जाहीर केले.

या प्रसंगाची आठवण जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत पुन्हा निघाली, जेव्हा माइक पेन्स या उपराष्ट्राध्यक्षावर मते नाकारण्यासाठी दबाव आला होता. हे काम केवळ औपचारिक आहे, त्यात निवाडा करण्याचा अधिकार नाही, असे २०२२ च्या कायद्याने आता स्पष्ट लिहून ठेवले आहे. १८६१ मध्ये तसा कायदा नव्हता. अध्यक्षाच्या खुर्चीतल्या माणसाच्या शब्दाचाच काय तो भरवसा होता.

४ मार्चला त्याने आपला उत्तराधिकारी हॅनिबल हॅमलिन याला पदाची शपथ दिली आणि तो सिनेटर म्हणून खालच्या बाकावर जाऊन बसला, कारण केंटकीच्या विधिमंडळाने त्याला आधीच सिनेटवर निवडून ठेवले होते. एप्रिलमध्ये दक्षिणेने संघराज्याच्या फोर्ट समटर या किल्ल्यावर तोफा डागल्या आणि यादवी युद्ध सुरू झाले. लिंकनने काँग्रेसची वाट न पाहता सैन्य वाढवले, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे अटकेतल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करण्याचा, हक्क काही भागांत स्थगित केला. जुलै-ऑगस्टच्या अधिवेशनात ब्रेकिनरिज या प्रत्येक गोष्टीविरुद्ध बोलला. घटनेच्या दृष्टीने त्याचे काही मुद्दे भक्कम होते. स्थगितीचा अधिकार राष्ट्राध्यक्षाचा की काँग्रेसचा, यावर पुढेही बराच काथ्याकूट झाला. पण बंड पुकारलेल्या राज्यांशी सरकारने काय करावे, या प्रश्नाला त्याच्याकडे ‘जाऊ द्या’ याशिवाय उत्तर नव्हते.

१ ऑगस्टला तो बोलत असताना ओरेगॉनचा सिनेटर एडवर्ड बेकर लष्करी गणवेशात सभागृहात आला. बेकर हा लिंकनचा जुना मित्र. लिंकनच्या दुसऱ्या मुलाचे नाव त्याच्यावरून ठेवलेले. त्याने पेटून उत्तर दिले. शत्रू दाराशी असताना रोमच्या सिनेटमध्ये कोणी असे बोलला असता तर त्याचे काय केले असते, असे त्याने विचारले, तेव्हा टार्पियन कड्यावरून त्याला खाली फेकले असते, असे उत्तर दुसऱ्या एका बाकावरून आले. ऑक्टोबरात बॉल्स ब्लफच्या लढाईत बेकर मारला गेला. तोपर्यंत ब्रेकिनरिजही पलीकडे गेला होता.

केंटकीचे घर

त्याने जाण्याचा निर्णय का घेतला, याचे उत्तर केंटकीच्या स्थितीत आहे. हे राज्य सीमेवरचे, गुलामगिरी असलेले, पण संघराज्यात राहिलेले. लिंकन आणि दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस, दोघांचाही जन्म इथला. मे १८६१ मध्ये राज्याने आपण तटस्थ असल्याचे जाहीर केले, आणि सप्टेंबरात दोन्ही फौजा आत घुसल्यावर ती तटस्थता संपली. विधिमंडळ संघराज्याच्या बाजूला गेले, विरोधकांची धरपकड सुरू झाली, आणि अटक टाळण्यासाठी ब्रेकिनरिज दक्षिणेकडे निघून गेला. सिनेटमधली सहा वर्षांची मुदत देऊन आपण सैनिकाची बंदूक अभिमानाने घेत आहोत, असे त्याने बोलिंग ग्रीनहून काढलेल्या पत्रकात म्हटले. ज्या संघराज्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ त्याने उपराष्ट्राध्यक्ष आणि सिनेटर म्हणून घेतली होती तेच मोडून पडले आहे, म्हणून शपथही उरली नाही, असा त्याचा तर्क होता. त्याच्या आजोबांच्या ठरावांना हा तर्क कदाचित शोभला असता. पण ज्या राज्याच्या हक्कांची तो गोष्ट करत होता, त्या राज्याने बहुमताने दुसरा निर्णय घेतला होता, ही अडचण त्याने कुठेच सोडवलेली दिसत नाही.

एका घरात किती फाटाफूट व्हावी? त्याचे काका, रॉबर्ट जेफरसन ब्रेकिनरिज हे धर्मोपदेशक, संघराज्याचे कट्टर समर्थक होते, इतके की १८६४ मध्ये लिंकनला दुसऱ्यांदा उमेदवारी देणाऱ्या अधिवेशनाचे ते हंगामी अध्यक्ष झाले. त्यांचे दोन मुलगे उत्तरेकडून लढले, दोन दक्षिणेकडून.

युद्धात ब्रेकिनरिज धंदेवाईक सेनानी नसूनही बऱ्यापैकी निभावला. शायलो, बॅटन रूज, चिकामॉगा या लढायांची नावे त्याच्या खात्यावर आहेत. सगळ्यांचे तपशील इथे देण्यात अर्थ नाही. २ जानेवारी १८६३ ची स्टोन्स नदीची लढाई मात्र सांगायला हवी. सेनापती ब्रॅक्सटन ब्रॅगने त्याला उघड्या मैदानातून टेकडीवर हल्ला करण्याचा हुकूम दिला. समोर तोफा रचल्या जातात हे ब्रेकिनरिजला दिसत होते, त्याने हरकत घेतली, ती फेटाळली गेली. टेकडी हाती आली, पण पळणाऱ्यांचा पाठलाग करत त्याची माणसे नदीपर्यंत गेली आणि पलीकडच्या काठावरच्या पन्नासहून अधिक तोफांच्या माऱ्यात सापडली. सुमारे पाच हजारांपैकी दीड हजारांहून अधिक माणसे तासाभरात जखमी झाली, मेली किंवा पकडली गेली. त्यांत त्याची केंटकी ब्रिगेडही होती. राज्य उत्तरेच्या ताब्यात असल्याने या सैनिकांना घरी परतता येत नव्हते, म्हणून तिला ‘ऑर्फन ब्रिगेड’, अनाथांची ब्रिगेड, म्हणत. पुढच्या वर्षी, १५ मे १८६४ रोजी व्हर्जिनियात न्यू मार्केट येथे मधली फळी फुटू लागली, तेव्हा त्याने लष्करी विद्यालयाच्या २५७ छात्रांना, त्यांतले काही अवघे पंधरा वर्षांचे, लढाईत उतरवले. लढाई जिंकली, दहा मुले प्राणाला मुकली.

जुलै १८६४ मध्ये जनरल अर्लीच्या फौजेबरोबर तो थेट वॉशिंग्टनच्या वेशीवर, फोर्ट स्टीव्हन्ससमोर, आला. आतल्या तटबंदीवर उभा राहून लिंकन लढाई पाहत होता आणि त्याच्या आसपास गोळ्या येत होत्या. चार वर्षांपूर्वी एकाच पदासाठी उभे असलेले दोन उमेदवार असे एकमेकांसमोर येण्याचा दुसरा दाखला अमेरिकेच्या इतिहासात नाही. ज्या घरी पूर्वी तो पाहुणा म्हणून जात असे, ते फ्रान्सिस ब्लेअरचे सिल्व्हर स्प्रिंगचे घर सैनिकांनी लुटू नये म्हणून ब्रेकिनरिजने पहारा बसवला.

आणि ऑक्टोबर १८६४ मध्ये सॉल्टव्हिल. लढाईनंतर मैदानात पडलेल्या जखमी कृष्णवर्णीय सैनिकांना दक्षिणेचे शिपाई ठार मारत होते. तिथे पोचलेल्या ब्रेकिनरिजने संतापून हे थांबवण्याचे हुकूम दिले आणि जबाबदार अधिकाऱ्यावर कारवाईचा प्रयत्न केला. त्याच्या बाजूने हे नोंदवायलाच हवे. मात्र ती माणसे सैनिक होती म्हणून त्यांना युद्धाचे नियम लागू होतात, हे जाणणारा हा माणूस त्यांना पुन्हा गुलाम करू पाहणाऱ्या सरकारसाठीच लढत होता.

फेब्रुवारी १८६५ मध्ये तो दक्षिणेचा युद्धमंत्री झाला, शेवटचा. सारे हरले आहे हे त्याला पहिल्याच आठवड्यांत उमगले आणि गनिमी युद्ध न करता एकदम, सन्मानाने शरणागती पत्करावी, असा त्याचा आग्रह राहिला. एप्रिलमध्ये दक्षिणेची राजधानी रिचमंड पडली, तेव्हा त्याने युद्धखात्याचे दप्तर जाळू दिले नाही. ते पुढे उत्तरेच्या हाती सुखरूप गेले आणि इतिहासकारांना उपयोगी पडले. उत्तर कॅरोलिनात बेनेट यांच्या शेतघरात उत्तरेचा सेनापती शर्मन याच्याशी झालेल्या तहाच्या वाटाघाटींत तोही होता, पण मंत्री म्हणून शर्मन त्याच्याशी बोलायला तयार नव्हता, म्हणून केवळ मेजर जनरल या नात्याने. जाता जाता सांगायचे तर, याच शरणागतीचा फटका मुंबईलाही बसला. अमेरिकी कापूस बंद पडल्यामुळे वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाला चार वर्षे सोन्याचा भाव आला होता, आणि त्या पैशावर बॅक बे कंपनीच्या शेअरांचा जो फुगा फुगला तो युद्ध संपल्याची बातमी येताच १८६५ च्या उन्हाळ्यात फुटला.

पळ, परतणे आणि तिसरे कलम

डेव्हिस १० मे रोजी जॉर्जियात पकडला गेला. देशद्रोहाचा आरोप डोक्यावर असलेला ब्रेकिनरिज फ्लोरिडाकडे निसटला. सोबत नौदलाचा अधिकारी जॉन टेलर वुड, काही सैनिक आणि टॉम फर्ग्युसन नावाचा कृष्णवर्णीय नोकर, जो तोपर्यंत गुलाम होता. दलदलीतून, नदीतून, कासवांची अंडी खात आणि सेमिनोल लोकांकडून अन्न मिळवत ते किनाऱ्यावर आले, वाटेत भेटलेल्यांकडून एक बरी होडी जबरदस्तीने बदलून घेतली, आणि वादळात सापडूनही ११ जून रोजी क्यूबातल्या कार्देनासला पोचले. त्यानंतरची साडेतीनहून अधिक वर्षे इंग्लंड, युरोप आणि कॅनडात गेली. कॅनडात नायगारा नदीच्या काठी राहताना पलीकडे अमेरिकेचा झेंडा दिसत असे.

१८६८ च्या नाताळात राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने सर्वांना बिनशर्त माफी दिली आणि मार्च १८६९ मध्ये तो लेक्सिंग्टनला परतला. राजकारणात पुन्हा पडायचे नाही, हे त्याने ठरवले होते. वकिली, विमा आणि रेल्वे यांत तो गुंतला. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेच्या गुंडगिरीचा त्याने जाहीर निषेध केला, आणि गोऱ्यांविरुद्धच्या खटल्यात कृष्णवर्णीयांची साक्ष ग्राह्य धरावी, या मागणीला पाठिंबा दिला. युद्धानंतरच्या केंटकीत त्याच्या पक्षातल्या अनेकांना हे पचले नाही. १७ मे १८७५ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, तो वारला. १८८७ मध्ये लेक्सिंग्टनच्या चीपसाइड चौकात त्याचा पुतळा उभा राहिला. युद्धापूर्वी त्याच चौकात माणसांचा लिलाव होत असे. २०१७ च्या ऑक्टोबरात तो तिथून काढला गेला आणि पुढे शहराच्या दफनभूमीत बसवला गेला.

राहिला एक कायद्याचा मुद्दा. जुलै १८६८ मध्ये मंजूर झालेल्या घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमानुसार, राज्यघटनेचे पालन करण्याची शपथ घेऊन नंतर बंडात सामील झालेल्या व्यक्तीला कोणतेही सरकारी पद घेता येत नाही. ही अपात्रता फक्त काँग्रेसला, दोन-तृतीयांश मतांनी, दूर करता येते. राष्ट्राध्यक्षाच्या माफीने खटला टळतो, अपात्रता टळत नाही. १८७२ मध्ये काँग्रेसने हजारो बंडखोरांची अपात्रता उठवली, पण युद्धाच्या तोंडावरच्या दोन काँग्रेसचे, म्हणजे संसदेच्या दोन मुदतींतले, सदस्य त्यातून मुद्दाम वगळले, आणि ब्रेकिनरिज त्यांतल्या दुसऱ्या मुदतीत सिनेटर होता. उरलेल्यांची अपात्रता सरसकट उठली ती १८९८ मध्ये. कलम मात्र घटनेत तसेच राहिले, आणि डोनाल्ड ट्रम्पच्या उमेदवारीवरून ते पुन्हा न्यायालयात आले, तेव्हा मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की केंद्रीय पदांच्या उमेदवारांना या कलमाखाली राज्ये स्वतःहून अपात्र ठरवू शकत नाहीत. त्यासाठी काँग्रेसने कायदा करायला हवा.